साओ दोमिंगोसच्या चौकात

वसईहून निघताना आईनं दोन गोष्टी बजावल्या होत्या. लिस्बनमध्ये संत अंतोनी जन्मले तिथे मेणबत्ती लाव आणि पोर नीट जेवते का ते बघ. पोर म्हणजे माझी भाची, तिथे एम.ए. करतेय. नीट जेवते. संत अंतोनींच्या चर्चमध्ये मात्र इतकी गर्दी होती, की नमस्कार करून बाहेर पडलो आणि मेणबत्ती पिशवीतच राहिली.

ईस्टर होऊन चार दिवस झाले होते. रोसियो चौकातून चालताना भाची एकदम डावीकडे वळली. "मावशी, हे बघितल्याशिवाय तुला परत पाठवणार नाही."

छोटासा चौक. कोपऱ्यात जिंजिन्याचं, म्हणजे आंबट चेरीच्या दारूचं, चिमुकलं दुकान आणि त्याच्यापुढे पेले घेऊन उभे असलेले लोक. गिनी-बिसावहून आलेली मंडळी गटागटानं बोलत बसलेली. मधोमध गोल दगड, तिरका कापल्यासारखा, आणि कापलेल्या सपाट बाजूवर दाविदाचा तारा. भाचीनं त्यावरची अक्षरं वाचून दाखवली : १९ एप्रिल १५०६ रोजी या चौकात सुरू झालेल्या कत्तलीत असहिष्णुता आणि धर्मवेड यांना बळी पडलेल्या हजारो यहुद्यांच्या स्मरणार्थ. खाली ईयोबच्या पुस्तकातली ओळ, "हे भूमी, माझं रक्त झाकू नकोस." ही ओळ मी मराठी बायबलात कितीदा वाचली असेल. रस्त्यातल्या दगडावर ती इतकी शब्दशः लागू पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

समोरच साओ दोमिंगोसचं चर्च. आत पाऊल टाकलं आणि मी थबकले. १९५९ साली इथे मोठी आग लागली होती. दुरुस्ती करताना जखमा मुद्दाम झाकलेल्या नाहीत. खांबांचे टवके उडालेत, दगड तडकून काळा पडलाय, आणि वर छताला विटकरी रंग. एका खांबावर हात ठेवला तर कडा अजून बोचतात.

१५०६ च्या त्या एप्रिलमध्ये लिस्बनमध्ये प्लेग होता, पाऊस नव्हता आणि राजा मानुएल शहराबाहेर होता. ईस्टरनंतरच्या रविवारी याच चर्चमध्ये लोक प्लेग टळावा म्हणून प्रार्थना करत होते. क्रुसावर उजेड चमकला आणि चमत्कार झाला म्हणून ओरडा झाला. एक माणूस म्हणाला, अहो, मेणबत्तीचा उजेड पडलाय तो. माणूस 'नवा ख्रिस्ती' होता, म्हणजे बळजबरीनं ख्रिस्ती केलेल्या यहुद्यांपैकी. त्याला केसांना धरून ओढत बाहेर नेलं, मारलं आणि रोसियोमध्ये जाळलं. दोमिनिकन संघाचे धर्मगुरू क्रूस उंचावत जमावाला चिथावत राहिले. बंदरात लागलेल्या परदेशी जहाजांचे खलाशी लुटीत सामील झाले. तीन दिवस घराघरांतून माणसं बाहेर काढली, बायका आणि तान्ही पोरंसुद्धा. समकालीन नोंदींनुसार दोन हजारांच्या आसपास माणसं मेली, काहींच्या मते त्याहूनही जास्त. राजानं नंतर चिथावणाऱ्या दोन धर्मगुरूंसह अनेकांना देहदंड दिला.

दगडावर 'यहुदी' लिहिलंय, पण मेलेली माणसं कागदोपत्री ख्रिस्तीच होती. १४९२ मध्ये स्पेननं यहुद्यांना हाकललं तेव्हा हजारो लोक पोर्तुगालमध्ये आले. १४९६ च्या डिसेंबरात मानुएलनंही हकालपट्टीचं फर्मान काढलं. पण इतकी कामाची माणसं गमवायची त्याची तयारी नव्हती. म्हणून १४९७ मध्ये आधी मुलं आईबापांपासून हिसकावून त्यांचा बाप्तिस्मा केला आणि मग देश सोडायला म्हणून लिस्बनला जमलेल्या मोठ्यांना बळजबरीनं ख्रिस्ती केलं. नऊ वर्षांनी तीच माणसं मिस्साला आली, तर शेजारी बसलेल्यांना ती अजून यहुदीच वाटत होती. म्हणजे प्रश्न श्रद्धेचा उरलाच नव्हता. पुढे तर 'रक्ताची शुद्धता' तपासून पदं नाकारली गेली. ज्या बाप्तिस्म्यानं सगळं नवं होतं असं मला लहानपणी शिकवलं, तो यांच्या कामी आला नाही. ख्रिस्ती म्हणून मला हे सगळ्यात जास्त लागलं.

आणि ही चीड एकट्या लिस्बनची नव्हती. चौथ्या शतकात अंत्युखियात योहान ख्रिसोस्तोमसारख्या संतानं यहुद्यांविरुद्ध अशी प्रवचनं केली, की आज वाचवत नाहीत. १२१५ मध्ये चौथ्या लॅटरन परिषदेनं त्यांना ओळखू येईल असा वेगळा पोशाख सक्तीचा केला. गुड फ्रायडेच्या लॅटिन प्रार्थनेत त्यांना 'पर्फिदिस', म्हणजे अविश्वासू, म्हटलं जाई. बाकी प्रार्थनांना गुडघे टेकणारे लोक तेवढ्या एका प्रार्थनेला टेकत नसत. तो शब्द पोप तेविसावे योहान यांनी काढला, १९५९ मध्ये, हे चर्च जळालं त्याच वर्षी. येशूच्या मरणाचा दोष सगळ्या यहुद्यांवर टाकता येणार नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २८ ऑक्टोबर १९६५ ला स्पष्ट लिहिलं.

तरी आमच्या वाडीत आजी सांगायची, यहुद्यांनी देवाला मारलं. वाडीत कुणी यहुदी पाहिलेलाही नव्हता. झावळ्यांच्या रविवारी दुःखसहनाचं वाचन होतं तेव्हा जमावाची वाक्यं आम्ही सगळे म्हणतो. "त्याला क्रुसावर खिळा!" मी दहा वर्षांची असताना हे सगळ्यात जोरात म्हणायचे. ते वाक्य आपल्या तोंडी दिलंय ते आपला दोष आपण ओळखावा म्हणून, हे कळायला मला फार वर्षं लागली.

चर्चमधून दोन मिनिटांवर राष्ट्रीय नाट्यगृह आहे. त्या जागी एस्ताउस राजवाडा होता. १४९७ मध्ये यहुद्यांना कोंडलं ते तिथेच, आणि पुढे इन्क्विझिशनचं, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या धर्मन्यायालयाचं, बिऱ्हाडही तिथेच. नाट्यगृहाच्या माथ्यावर नाटककार जिल व्हिसेन्त यांचा पुतळा आहे. १५३१ मध्ये भूकंप झाला तेव्हा सांतारें शहरात धर्मगुरू नव्या ख्रिस्तींवर खापर फोडत होते. या माणसानं त्यांना एकत्र बोलावून खडसावलं आणि राजाला तसं पत्र लिहिलं. पाचच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन आलं. मान वर करून मी त्या पुतळ्याकडे किती वेळ बघत होते कोण जाणे.

इथून धागा थेट आमच्या किनाऱ्याला येतो. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये बसलं, वसईवरही त्याचाच अंमल. ते यावं म्हणून राजाला १५४६ मध्ये पत्र लिहिणारे संत फ्रान्सिस झेवियर. त्यांच्या शवदर्शनाला आमचं घर दर वेळी गोव्याला जातं, त्यामुळे हे लिहिताना हात जड होतो. पण लिहायलाच हवं. आपल्याकडे त्या न्यायालयाची आठवण हिंदूंच्या छळासाठी निघते आणि ती खरीच आहे, पण त्याचा डोळा आधी होता तो नव्या ख्रिस्तींवर. वैद्य गार्सिया द ओर्ता त्यांतलेच. आईबाप स्पेनमधून हाकललेले. ते १५३४ मध्ये गोव्याला आले, मुंबई बेट त्यांच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं आणि तिथल्या आंब्याच्या एका झाडाला वर्षातून दोनदा फळ येतं असं त्यांनी लिहून ठेवलंय. औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. ते १५६८ मध्ये वारले. पुढच्या वर्षी बहीण कातारिनाला जाळलं आणि १५८० मध्ये ओर्तांची हाडं उकरून तीही जाळली.

२००० मध्ये लिस्बनच्या पॅट्रिआर्कनी, म्हणजे तिथल्या मुख्य बिशपांनी, साओ दोमिंगोसच्या चौकात या सगळ्याबद्दल क्षमा मागितली. त्याचाही दगड तिथे आहे.

संध्याकाळी भाचीला तिथेच बसवून मी पुन्हा चर्चमध्ये गेले. पिशवीतली मेणबत्ती काढली आणि लावली. रात्री आईचा फोन आला.

"मेणबत्ती लावलीस ना गं?"

"लावली. पण संत अंतोनींना नाही, आई."

"मग कुणाला?"

"एक माणूस होता. ईस्टरनंतरच्या रविवारी आपल्यासारखाच मिस्साला आलेला."