चौदा नंबरची चादर

२६ मे, दुपार

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, कालच लागला. बाहेर रस्त्यावर माणूस नाही. कूलरमधलं पाणी दोनदा भरलं तरी खोलीत हवा गरमच येते आहे. रात्रपाळी करून आले, अंघोळ केली, दोन घास खाल्ले आणि पडून राहिले. पण डोळे मिटले की आमच्या वॉर्डात साफसफाई करणाऱ्या मावशीचं बोट दिसतं. गॉजचा छोटा तुकडा गुंडाळलेलं, साडीच्या पदराखाली लपवलेलं. झोप येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

पहाटे साडेचारला चौदा नंबरच्या आजोबांची सलाईन आउट झाली. हात सुजला होता. दुसऱ्या हाताला इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत राहणारी बारीक नळी, टाकलं, तर आजोबांनी हात हिसकला. आतली सुई काढून मी चादरीवर ठेवली. ट्रे पायाशी होता, नीडल कटर ट्रॉलीवर, ट्रॉली भिंतीपाशी. आधी पट्टी चिकटवू, मग उचलू, असं मनात होतं. तेवढ्यात सहा नंबरची मुलगी ओरडत आली, "सिस्टर, बाबा श्वास घेत नाहीत बघा." पट्टी कशीबशी दाबून बसवली आणि धावले. बाबांचा ऑक्सिजनचा मास्क सरकला होता, तो नीट बसवला, डॉक्टरांना फोन केला. त्यानंतर सहाची इंजेक्शनं काढायला घेतली. तीस खाटा आणि आम्ही दोघी. सुई डोक्यातून गेली ती गेलीच.

सहाला मावशीनं चादरी बदलल्या.

आठला पुढच्या पाळीला काम सोपवायचं, म्हणजे हँडओव्हर, चालू असताना मी तिला म्हटलं, "मावशी, चौदा नंबरला पाणी ठेवा जरा." पाण्याचा जग उचलताना तिनं डावा हात पुढं केलाच नाही. ती डावरी आहे. तेव्हा माझं लक्ष गेलं.

"मावशी, हाताला काय झालं?"

"काही नाही जी सिस्टर. थोडंसं टोचलं."

"कशानं?"

ती गप्प. मग हळूच म्हणाली, "पांढऱ्या डब्यात टाकली मी ते. तुमी काळजी नका करू."

माझ्या पायातलं बळ गेलं. माझी सुई तिला टोचली होती. तिनं ती उचलून जिथं टाकायला हवी तिथं नीट टाकली होती, आणि दोन तास कुणाला काही बोलली नव्हती.

"सांगितलं काऊन नाही?"

"कायले सांगू? ठेकेदार म्हणते, तुहं लक्ष कुठं होतं. हजेरी कापते. अन् तुमचं नाव आलं असतं ना."

बोट तिनं दाबून दाबून रक्त काढलं होतं, वरून स्पिरिट ओतलं होतं. दोन्ही करायचं नसतं. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, आणि ताबडतोब सांगायचं. एचआयव्हीची शंका असेल तर गोळ्या दोन तासांच्या आत सुरू झालेल्या उत्तम, उशिरात उशिरा ७२ तासांत. हे मी शिकाऊ मुलींना किती वेळा सांगितलं असेल. मावशीला एकदाही सांगितलं नव्हतं. आमच्या स्लुइस रूमच्या, म्हणजे बेडपॅन धुवायच्या खोलीच्या, भिंतीवर याचा तक्ता आहे, चांगला रंगीत, पण सगळा इंग्रजीत. मावशी रोज दुपारी मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. तिला वाचता येतं. आम्ही तिच्यासाठी लिहिलंच नव्हतं.

मी तिला कॅज्युअल्टीत घेऊन गेले. बोट धुतलं. आजोबांची आणि त्यांच्या मुलाची परवानगी घेऊन रक्त पाठवलं, मावशीचंही पाठवलं. आजोबांचे एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले, तेव्हा साडेदहा वाजले होते. तोवर मी घरी गेले नाही. अशा टोचण्यातून एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते, म्हणजे तीनशेत एक. कावीळ बी मात्र लस न घेतलेल्या माणसाला शंभरात तीसपर्यंत होऊ शकते. डॉक्टरांनी विचारलं, "हेपॅटायटिस बीचे डोस झालेत?" मावशीनं माझ्याकडं पाहिलं. तिला प्रश्नच कळला नाही. नऊ वर्षं ती आमच्या वॉर्डात रक्तानं भिजलेल्या चादरी उचलते, आणि एक डोस झालेला नाही.

माझे तिन्ही डोस नोकरीच्या पहिल्याच वर्षी झाले. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ साली आले. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, वर्षातून एकदा तरी प्रशिक्षण द्यायचं, आरोग्य तपासणी करायची, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रत्येकाला. ठेक्यावरचा सोडून, असं कुठं लिहिलेलं नाही. पण लसीचा खर्च कुणाचा, म्हणून विचारलं की रुग्णालय ठेकेदाराकडं बोट दाखवतं आणि ठेकेदार रुग्णालयाकडं. मधल्या मधे मावशीची नऊ वर्षं निघून गेली.

आमच्यातली एक जण सकाळी मला म्हणाली, "सुई टोचल्याच्या फॉर्ममध्ये लिही ना, जाड हातमोजे घातले नव्हते म्हणून. तुझ्यावर कशाला घेतेस?" ती माझ्या काळजीनंच म्हणाली, तिचा मला राग नाही. पण जाड हातमोजे महिनाभरापासून संपलेले आहेत, हे तिलाही ठाऊक आहे. मी लिहिलं: 'इंट्राकॅथची सुई मी चादरीवर विसरले.' खाली सही केली.

आता इथं घरात बसून आठवतं आहे ते बारा मेचं. चौदाच दिवस झाले. नर्सेस डेला आम्ही सगळ्या पांढऱ्या साड्यांत उभ्या होतो, हातात मेणबत्त्या, शपथ घेतली, केक कापला, फोटो काढले. खुर्च्या मावशींनी मांडल्या. फरशीवर सांडलेलं मेण दुसऱ्या दिवशी सकाळी उलथन्यानं खरवडत बसल्या त्याही मावशीच. त्यांना केक मिळाला का, हे मला आज आठवत नाही.

ज्या बाईच्या नावानं आम्ही दिवा धरतो ती फ्लोरेन्स नाइटिंगेल १८५४ च्या नोव्हेंबरात तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. त्या हिवाळ्यात ती आणि तिच्या नर्सेस राबराब राबल्या, तरी सैनिक मरतच राहिले. रुग्णालय तुंबलेल्या गटारांवर उभं होतं. १८५५ च्या मार्चमध्ये सरकारनं पाठवलेला स्वच्छता आयोग आला, गटारं उपसली, मेलेली जनावरं काढली, वॉर्डात हवा खेळवली. मग मृत्यू झपाट्यानं उतरले. हे पुढं नाइटिंगेलनं स्वतःच आकड्यांनिशी मांडलं. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, हे आम्हाला चार मार्कांसाठी होतं, पाठ करून लिहून टाकलं. आज वाटतं, त्या धड्यात मावशी होती. गटार उपसणारा हात आणि नाडी बघणारा हात एकाच माणसाला वाचवतो, हे आमच्या व्यवसायाच्या पहिल्याच गोष्टीत आहे.

आणि 'मावशी' हा शब्द. पंचवीस वर्षांचा इंटर्न "ए मावशी, इकडं ये" म्हणतो, नवी सिस्टर "मावशी, बेडपॅन दे" म्हणते. कुणी विचारलं तर आम्ही सांगतो, नात्यानंच तर म्हणतो. माझी सख्खी मावशी उमरेडला आहे, तिलाही मी 'तू'च म्हणते. पण ती मला कान धरून बोलू शकते. मी चुकले तर चार लोकांत सुनावते. वॉर्डातली मावशी मला सुनावू शकत नाही, साधं "सिस्टर, सुई राहिली तुमची" इतकंसुद्धा म्हणायला घाबरते. रागवायचा हक्क न देता वापरलेलं नातं खोटं आहे. मी तिला 'तुम्ही' म्हणते, याचा मला इतके दिवस अभिमान होता. तो आज राहिला नाही.

पॅन्ट्रीचंही लिहूनच टाकते. आमचे कप कपाटात, मावशी आणि मामांचे स्टीलचे पेले खिडकीच्या कट्ट्यावर. कुणी असा नियम केलेला नाही. मी आले तेव्हापासून तसंच आहे, आणि मीही तसंच चालू दिलं. डॉक्टरांचा चहा आला की आम्ही पटकन उठून कप देतो. मावशी जेवते जिन्याखाली, ऑक्सिजनच्या रिकाम्या सिलिंडरांशेजारी. हे कुठल्या शहरात? १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो माणसं ज्या अपमानाला पाठ फिरवून उभी राहिली, त्या शहरात. दरवर्षी त्या गर्दीला पाणी वाटायला आमच्यातल्या कितीतरी जणी जातात, मी पण जाते. आणि वॉर्डात पेला वेगळा.

मागच्या महिन्यातली एक गोष्ट सारखी मनात येते. नऊ नंबरच्या बाईंची लघवीची पिशवी मावशी रिकामी करायची. एका रात्री म्हणाली, "सिस्टर, चहावाणी येऊन राहिली, अन् कमीच आहे." मी औषधं काढत होते, "हो, बघते" म्हटलं आणि पाहिलं नाही. सकाळच्या सिस्टरनं इनटेक-आउटपुटचा, म्हणजे किती पाणी गेलं आणि किती लघवी झाली याचा, चार्ट पाहिला आणि धावपळ झाली. बाई सुखरूप घरी गेल्या. पण मावशीनं चार तास आधी पाहिलेलं होतं. डॉक्टर आमचं ऐकत नाहीत म्हणून आम्ही कायम कुरकुरतो, "आम्ही चोवीस तास पेशंटजवळ असतो, आम्हाला विचारा." मावशी तर त्याच्याही जवळ असते. ती अंग पुसते, कूस बदलते, पाठीवरचा लालसर डाग सगळ्यांच्या आधी तिला दिसतो. कोण जेवत नाही आणि कुणाचा मुलगा दोन दिवस आलेला नाही, हेही तिलाच ठाऊक असतं.

तिच्या बाजूचे सगळे संत आहेत असं मी म्हणणार नाही. एक मामा शिकाऊ मुलींना स्ट्रेचरसाठी अर्धा अर्धा तास ताटकळत ठेवतात, आणि नातेवाइकांकडून चहापाणी घेणारेही आहेत. त्याबद्दल बोलायलाच हवं, तोंडावर बोलायला हवं. पण त्यांना बोलताना आमचा आवाज चढतो आणि इंटर्नला बोलताना चढत नाही, हेही खरंच.

साडेतीन झाले. रात्री पुन्हा ड्यूटी. थोडं पडते.

२८ मे, रात्र

आज सुट्टी. दोन ओळी लिहून ठेवते.

काल सकाळी ड्यूटी संपल्यावर मेट्रन मॅडमना भेटले. त्यांनी फॉर्म वाचला, मला रागावल्या, ते योग्यच होतं. मग स्वतः स्टोअरला फोन करून जाड हातमोजे काढायला लावले. आमच्या मजल्यावरच्या अकरा मावशी-मामांपैकी सात जणांची लस झालेली नाही. ती यादी त्यांनी मागितली आणि मी तिथंच लिहून दिली. लिहायला बसले तेव्हा कळलं की अकरापैकी चौघांची पूर्ण नावं मला येत नाहीत. ड्यूटी लिस्टमध्येही 'मावशी १, मावशी २' एवढंच असतं. नवी लिस्ट नावांची लागली आहे. मावशीचं नाव इथं लिहिलं नाही, कारण तिला विचारलेलं नाही.

काल दुपारी झोप सोडून तासभर वॉर्डात थांबले, तक्ता मराठीत केला. मावशी सांगत गेली, मी लिहीत गेले. पिवळी पिशवी: रक्तानं भरलेला कापूस, बँडेज. लाल: नळ्या, सलाईनचे सेट, बिनसुईच्या सिरिंजा. निळा खोका: काचेच्या बाटल्या, अँप्यूल. पांढरा डबा: सुया, ब्लेड. शेवटची ओळ तिनं सांगितली ती मी तिच्याच शब्दांत ठेवली: 'सुई दिसली तर हातानं उचलू नका, चिमटा मागा, अन् ज्या सिस्टरची असंन तिले सांगा.'

चिकटवून झाल्यावर तिनं ती ओळ एकदा मोठ्यानं वाचली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सिस्टर, तुमचा ट्रे ना, तुमी नेहमी पायाशी ठेवता. उशाशी ठेवत जा ना जी."

मी हो म्हटलं. कालच्या रात्रपाळीला उशाशी ठेवला.

तिचा पहिला डोस २६ मेला झाला, धनुर्वाताचं इंजेक्शनही. दुसरा २६ जूनला, तिसरा २६ नोव्हेंबरला. २६ जूनला तिची सकाळ आहे आणि माझी रात्र संपत असेल. हँडओव्हर झाला की दोघी मिळून लस द्यायच्या खोलीत जाऊ.