पावसात परत येणारा वास

सांगली, १४ जुलै

दिवसभर रिपरिप. कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात, आणि ज्या घरात कधीतरी मांजर मुतलंय तिथे याच आठवड्यात कुरकुर सुरू होते: मांजर तर आता बाहेरच जातं, मग वास कुठला?

वास जुनाच. मुतातला युरिया आणि पिवळा रंग पाण्याने निघतो. युरिक ॲसिड मात्र साध्या पाण्यात फारसं विरघळत नाही. त्याचे स्फटिक फरशीच्या छिद्रांत कोरडे होऊन बसतात आणि हवा दमट झाली की वास पुन्हा सुटतो. त्यात मांजराच्या मुतात गंधकाची संयुगं तयार होतात, म्हणून ते कुत्र्यापेक्षा उग्र. एप्रिलमध्ये 'गेला एकदाचा वास' म्हणणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

आधी जागा नक्की करायची. दिवे मालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवली की डाग फिकट पिवळसर चमकतो. पण साबणाचा राप चमकतो, हळदही चमकते, आणि सांगलीच्या स्वयंपाकघरात हळद न सांडलेला कोपरा सापडणं मुश्कील! तेव्हा टॉर्चने दाखवावं आणि नाकाने खात्री करावी. डागाची कड खडूने आखून ठेवावी.

व्हिट्रिफाइड टाइल असेल तर काम सोपं. टाइल काही शोषत नाही, फक्त सांध्यांकडे बघायचं. खरी कटकट जुन्या घरांतल्या शहाबादीची. हा चुनखडीचा दगड, व्हिनेगर किंवा लिंबू पडलं की फसफसतो आणि तेवढाच भाग खरबरीत, पांढुरका होतो. कडाप्पा आणि संगमरवराचं तेच. साताऱ्याकडच्या वाड्यांतला काळा दगड बसाल्ट, त्याला व्हिनेगरचं काही वाटत नाही. शंका असेल तर कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून बघावा. घरोघरी गूळ १, लिंबू-संत्र्याच्या साली ३, पाणी १० या मापाने तीन महिने मुरवलेलं बायोएन्झाइमही आंबटच असतं, नावात एन्झाइम असलं तरी. ते शहाबादीवर नको.

ओला डाग असेल तर जुन्या सुती पंचाची चौपदरी घडी ठेवून वर उभं राहायचं, घडी बदलत राहायचं, कोरडी निघेपर्यंत. घासायचं नाही, घासलं की डाग पसरतो. मग थोडं साधं पाणी, पुन्हा टिपणं. गरम पाणी नको, त्याने प्रथिनं धरून बसतात.

त्यानंतर पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारा एन्झाइम क्लीनर, म्हणजे डागातले घटक फोडणारं औषध. इथेच बहुतेकांचं चुकतं. दोन फवारे मारून पाच मिनिटांत पुसून घेतात. मूत जितकं मुरलंय तितकंच औषध मुरलं पाहिजे. खडूच्या रेषेबाहेर चार बोटं जाईल इतकं ओतायचं, वर प्लास्टिक अंथरून कडांना वजन ठेवायचं आणि रात्रभर ओलं राहू द्यायचं, कारण सुकलं की एन्झाइमचं काम थांबतं. सकाळी वास आधीपेक्षा जास्त येतो. घाबरू नये, पूर्ण वाळल्यावरच निकाल लावावा. जुन्या डागाला दोन-तीन वेळा करावं लागतं. आधी त्या जागी फिनेल किंवा ब्लीच वापरलं असेल तर भरपूर पाण्याने धुऊन मगच हे, नाहीतर एन्झाइम फुकट जातं. ब्लीच मुतावर टाकूच नये. त्यातल्या अमोनियाशी मिळून घशाला झोंबणारा विषारी वायू होतो. आणि मांजराच्या घरात फिनॉलचं फिनेल नकोच, त्यांच्या यकृताला ते पचवता येत नाही.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्यात कसला आनंद आहे कोण जाणे. दोघं एकमेकांना मारतात, उरतं खारट पाणी.

१७ जुलै

पाऊस उघडला. सोफा आणि गादीबद्दल.

मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं. बाटलीवर वाचून १२५ मिलीत तेवढंच पाणी घालायचं, एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब. फिकट कापडाच्या सोफ्यावर दहा मिनिटं ठेवून ओल्या फडक्याने टिपायचं. गडद कापडाचा रंग उडतो, म्हणून आधी मागच्या बाजूला बघावं. उरलेलं बाटलीत बंद करू नये, वायू साठून बाटली फुटते. एन्झाइमच्या दिवशी हे वापरू नये.

लाकडाला मूत लागून काळा डाग पडला असेल तर तो पुसून जात नाही. पूर्ण वाळवून, पॉलिशपेपर मारून चपडी लाखेचे दोन हात द्यावेत. रंग थोडा राहतो, वास आत कोंडला जातो.

कापसाच्या गादीवर पावसाळ्यात पाणी ओतणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. टिपून घ्यायचं, सोडा भुरभुरून रात्रभर ठेवून झटकायचा, तेवढंच. ऊन पडलं की खोळ उसवून पिवळा पडलेला कापूस काढून टाकावा आणि बाकीचा पिंजून घ्यावा.

एक वेगळी नोंद. बोका वारंवार मुतायला बसतोय, कण्हतोय आणि थेंबच पडतोय, तर फडकं बाजूला ठेवून त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे. लघवी तुंबली असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो.