जनरेटर मोबाईलवर आणायला 47 दिवस, त्यातले 40 एका कागदापायी

आमचं ब्रॉयलर कोंबड्यांचं ईसी शेड, म्हणजे आतली हवा पंख्यांनी सांभाळायचं बंद शेड, तासगाव तालुक्यात आहे आणि मी राहतो सांगलीत. बंद शेड म्हणजे पक्ष्यांचा सगळा जीव पंख्यांवर, मे महिन्यात भर दुपारी लाईट गेली आणि जनरेटर उचलला नाही तर अर्ध्या तासात वजनात आलेले पक्षी मरायला लागतात. 40 केव्हीएचा डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर आहे, लाईट गेली की आपोआप सुरू करणारं एएमएफ पॅनेल आहे, पण तो खरंच सुरू झाला का हे कळायला शेडवरच्या काकांचा फोनच यायला लागायचा. म्हणून ठरवलं की सगळं मोबाईलवर दिसलं पाहिजे.

सामान लगेच मिळालं. डीजीचे आकडे मोबाईलवर पाठवणारा छोटा गेटवे, त्यात 4जी सिम, डीजी चालवणाऱ्या कंट्रोलरच्या आरएस 485 या डेटा पोर्टपासून ए आणि बी अशा दोन वायरी. ॲपपण चालू झालं. स्क्रीनवर मात्र सगळीकडे शून्य.

झालं असं की कंट्रोलर सगळी माहिती नंबर घातलेल्या खणांत ठेवतो. बॅटरीचं व्होल्टेज कुठल्या खणात, ऑइल प्रेशर कुठल्या, हे ज्या कागदावर असतं ती मोडबस रजिस्टर लिस्ट. ती गेटवेत भरल्याशिवाय काही दिसत नाही, आणि आमच्या कंट्रोलरचा पोर्ट चालू करायला सर्व्हिस पासवर्डपण लागत होता. दोन्ही गोष्टी डीजी विकणाऱ्या डीलरच्या सर्व्हिस सेंटरकडे.

पहिल्या दिवशी काउंटरवर सांगितलं, अशी लिस्ट आम्ही कस्टमरला देत नाही. डीजी माझा, पैसे मी भरलेले, आणि त्यातलं बॅटरीचं व्होल्टेज बघायला मला परवानगी लागते! दुसऱ्या खेपेला म्हणाले लेटरहेडवर अर्ज आणा. शेडचं कुठलं आलंय लेटरहेड, छापून घेतलं. तिसऱ्या खेपेला इंजिनच्या नंबर प्लेटचा फोटो पाहिजे, तो काकांकडून व्हॉट्सॲपवर मागवून तिथंच उभं राहून दिला, तर म्हणे आता हेड ऑफिसला मेल टाकतो, आठ दिवसांत येईल. आठाचे पंधरा झाले. ज्यांनी मेल टाकला ते साहेब सुट्टीवर गेले आणि त्यांच्या जागी बसलेल्या माणसानं पहिल्यापासून सुरुवात केली, अर्ज कुठाय, फोटो कुठाय. वर एक दम दिला की बाहेरचा खोका जोडला तर वॉरंटी जाईल. मी म्हटलं हे लिहून द्या. लिहून कुणी दिलं नाही.

या सगळ्यात शेडमध्ये 34 दिवसांची बॅच उभी होती. एका रात्री लाईट गेली, काकांचा फोन लागेना, मी गाडी काढली आणि अख्खा रस्ताभर फक्त आवाज येतोय का म्हणून काच खाली ठेवून गेलो. डीजी चालू होता. काका गाढ झोपले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी परत सर्व्हिस सेंटर, उत्तर तेच, मेल आला की कळवतो.

सुटलं कसं, तर ऑइल बदलायला जो इंजिनियर शेडवर आला त्याला चहा पिता पिता सहज विचारलं. त्यानं लॅपटॉप उघडला, दोन पानांची पीडीएफ पाठवली, पासवर्ड टाकून पोर्ट चालू करून दिला. पाच मिनिटं. त्या पोराचे मनापासून आभार, पण चाळीस दिवसांचा राग काही जात नाही. म्हणून सांगतो, डीजी घेताना शेवटचा चेक देण्याआधी दोन गोष्टी हातात घ्या, पासवर्ड आणि रजिस्टर लिस्ट. आणि कंट्रोलरला आरएस 485 आहे का तेपण आधीच बघा, सगळ्यांना नसतो.

लिस्ट भरल्यावर आकडे आले पण चुकीच्या जागी. लिस्ट 1 पासून मोजते आणि गेटवे 0 पासून, त्यामुळे सगळं एक खण सरकलं होतं. फ्रिक्वेन्सी 500 दिसली तर घाबरू नका, ते 50.0 असतं, दहानं भागायचं. अँटेना कॅनोपीच्या, म्हणजे डीजीवरच्या पत्र्याच्या पेटीच्या बाहेर काढा, आत पत्र्यामुळे रेंज मरते. अजून एक, गेटवे डीजीच्याच 12 व्होल्ट बॅटरीवर असेल तर सेल्फ मारताना व्होल्टेज एकदम खाली येतं आणि तो नेमका तेव्हाच बंद होऊन परत चालू होतो, मी त्याला वेगळी छोटी बॅटरी दिली. डिझेलच्या सेन्सरला 20 लिटरच्या कॅननं मोजत मोजत टाकी भरून आकडे लावा.

मोबाईलवरून स्टार्टची सोय आहे, पण मिस्त्री काम करत असताना कुणी बटण दाबलं तर त्याचा हात पट्ट्यात जाईल. म्हणून काकांना पक्कं सांगितलंय, कॅनोपीचं दार उघडलं की आधी इमर्जन्सी स्टॉप दाबायचा.

गेल्या महिन्यात सर्व्हिस करून मिस्त्री गेला आणि दुपारी चारला मेसेज आला, कंट्रोलर ऑटोवर नाही. तो मॅन्युअलवरच ठेवून गेला होता. काकांना फोन केला, त्यांनी ऑटोचं बटण दाबलं, आणि सव्वासहाला लाईट गेली.

डीजीनं नवव्या सेकंदाला लोड घेतला, मी ते सांगलीत बसून बघितलं.