वास येस का रे?

मे महिन्यात दुपारी दोनला लाइट गेली की अमळनेरात माणसाला करण्यासारखं काही उरत नाही. कूलर थांबतो, त्याच्या गवताचा ओला वास पाच मिनिटं खोलीत रेंगाळतो, मग तोही जातो. झोप लागत नाही. अशा वेळी मी खण आवरतो. आवरतो म्हणजे सगळं बाहेर काढून, बघून, होतं तसं परत आत कोंबतो.

त्यात ती कुपी सापडली. करंगळीएवढी. मागच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घेतली होती आणि विसरलो होतो. चिठ्ठीवर लिहिलेलं, ‘मोगरा-ऊद’.

या ऊदावरून माझा त्या अत्तरवाल्याशी वाद झाला होता. आपल्याकडे ऊद म्हणजे निखाऱ्यावर टाकायचा तो, खडे-खडे, पांढुरके-तपकिरी. त्याच्या लेखी ऊद म्हणजे अगराचं लाकूड, आसामातलं. झाडाला बुरशी लागली की आतलं लाकूड काळं, राळेनं भरलेलं होतं, त्याचं तेल. म्हटलं, ‘दीडशे रुपयांत अगर?’ तो हसला. ‘सेठ, लगाके तो देखो.’ तेव्हा तापीकाठची थंडी, नाक चोंदलेलं, सगळीकडे घोड्यांच्या लिदीचा वास. कळणार काय! घेऊन टाकली.

आता बुचाची काडी मनगटावर टेकवली. घासलं नाही. दोन्ही मनगटं एकमेकांवर घासणारी माणसं मला बघवत नाहीत, का ते विचारू नका.

पहिल्यांदा आला तो वास अत्तराचा नव्हताच. रंगाच्या दुकानात शिरल्यासारखं, नाकात टोचणारं काहीतरी. फसलो म्हणालो. पण पाचेक मिनिटांनी मनगट पुन्हा नाकाशी नेलं तर केळं! अगदी पिकलेलं, रॅकवरून नुकतं उतरवलेलं केळं. मी ओरडून सांगितलं तेव्हा आतल्या खोलीतून बायको म्हणाली, ‘तुम्हाला कशातही केळंच दिसतं.’ चोपड्याकडची आहे ती, तिचं अर्धं माहेर केळीवर जगतं, बोलण्याचा अधिकार तिचा. पण मुलगी केमिस्ट्रीवाली. ती म्हणाली, ‘बरोबर आहे पप्पा. मोगऱ्यात बेन्झिल ॲसिटेट असतं, त्याला केळ्याची झाक असते.’ मला भलताच आनंद झाला. इतकी वर्षं मोगरा हुंगतोय आणि त्यात आपल्या जिल्ह्याचं पीक लपलंय, हे कोणी बोललं नव्हतं.

मग मात्र मोगरा फुलला. माठात घातलेला मोगरा. आमच्याकडे मोठी माय उन्हाळ्यात रात्री माठात चार कळ्या टाकायची. सकाळी पाणी प्यायला गेलं की आधी नाक प्यायचं. पण मनगटावरचा हा मोगरा काही माठातल्यासारखा शहाणा नव्हता. थोड्या वेळानं त्यात डांबरगोळी डोकावली, जुन्या ट्रंकेत घड्या करून ठेवलेल्या शालूसारखी. मुलीच्या मते तेही बरोबर. इंडोल नावाचं द्रव्य असतं, जरा जास्त झालं की असाच वास येतो, आणि नसेल तर फूल खोटं वाटतं. असेल. मला ती ट्रंक आवडली.

आणि संपलं. अर्ध्या तासात मोगरा गेला. पुण्याच्या साडूच्या हातावर तो संध्याकाळपर्यंत टिकला असता. इथे बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, कोरडी लू, हात पापडासारखा, हलकं ते सगळं उडून जाणार. जुनी माणसं अत्तर अंगाला कमी आणि कापसाला जास्त लावायची, ती काय उगाच नाही.

साडेतीनला पुन्हा मनगट हुंगलं आणि बसून राहिलो.

ऊद. अगर नव्हे, आपला धुरीचा ऊद. आत्या बाळंतपणाला आली होती, मी सात-आठ वर्षांचा असेन. न्हाणं झालं की मोठी माय बाजेखाली निखाऱ्यांची पाटी सरकवायची. त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग आणि शेवटी ऊदाची चिमूट. दुसरी पाटी वेगळी, तिच्यावर बांबूची टोपली पालथी, टोपलीवर बाळाची झबली-टोपडी धुपायला. मला त्या खोलीत यायला बंदी. म्हणून मी दाराच्या फटीला नाक लावून उभा. गोडसर, किंचित व्हॅनिलासारखा धूर. व्हॅनिला हा शब्द तेव्हा माहीत नव्हता. पुढे आईस्क्रीम खाल्लं तेव्हा मला आत्या आठवली होती, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही.

हा ऊद येतो तो सुमात्राकडून. अरब त्याला ‘लुबान जावी’ म्हणायचे, जावाकडचा लोबान. इतक्या लांबून येऊन तो आमच्या बाजेखाली जळायचा. आणि इथे सातपुड्यात सालईची झाडं उभी आहेत, साल खरवडली की धुपाचा डिंक गळतो, अरबस्तानातल्या खऱ्या लोबानाच्या कुळातलं झाड. देवापुढे सालई आणि बाळंतिणीला ऊद, अशी आमच्या घरी वाटणी होती. का, ते मोठ्या मायनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

अत्तर मात्र आबांचं. आबा दरवर्षी सारंगखेड्याला जायचे, घोडा घ्यायला. घोड्याचं तोंड उघडून दात बघायचे, रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचे, चार लोकांना ‘पाय बघ, पाय’ म्हणून शिकवायचे, आणि अत्तराची कुपी घेऊन घरी यायचे. घोडा कधी आला नाही. ती कुपी वर्षभर पुरायची, कारण अत्तर फक्त बाजाराच्या दिवशी. धुतलेलं धोतर, टोपी, आणि उजव्या कानाच्या पाळीत फाया.

शेवटच्या काही वर्षांत तपकिरीनं त्यांचं नाक पार गेलं होतं. यात्रेला जाणंही सुटलं होतं. तरी बाजाराच्या दिवशी कोनाड्यातून कुपी निघायची. ती रिकामी होती. मी उजेडात धरून बघितली होती, तळाशी थेंबसुद्धा नव्हता. आबा बुचाची काडी कोरड्या कापसावर दोनदा फिरवायचे, फाया कानात घालायचे आणि माझ्यापुढे वाकायचे.

‘वास येस का रे?’

‘येस, आबा.’

मग काठी घेऊन निघायचे, ताठ.

सहाला लाइट आली. कूलर खडखडला, ओलं गवत पुन्हा वासू लागलं. मी मनगट नाकाशी नेलं. काही नाही. दुसऱ्यांदा नेलं, डोळे मिटून. काहीच नाही. दिवसभर एकाच वासाशी झटल्यावर नाक थकतं म्हणतात, तसं असेल. किंवा उडालं असेल. बाहेरच्या खोलीत गेलो आणि मुलीपुढे हात धरला.

‘बघ गं, वास येतो का?’

तिनं मोबाइलमधून मान वर केली नाही.

‘हो पप्पा, येतोय की.’