सिल्व्हरलाइन नोंद: पट्ट्यातली चांदीची तार

रविवारी सकाळी टेकडीवर बोरीच्या झुडपापाशी सव्वा तास बसलो. एकदांडीच्या फुलावर कॉमन सिल्व्हरलाइन फुलपाखरू उतरलं. या वेळी कॅमेरा न उचलता आधी डोळे भरून पाहिलं. फिकट पिवळसर पंख, त्यावर तांबूस-नारिंगी पट्टे, पट्ट्यांना काळ्या कडा. ते जरासं वळलं आणि पट्ट्याच्या ऐन मधोमध चांदीची तार लखलखली, पैठणीच्या काठातल्या जरीसारखी. पुन्हा वळलं, तार विझली. फ्लॅश मारला की ती नुसती पांढरी फटक येते, म्हणून फ्लॅश आता बंदच ठेवतो.

सिगारिटिस प्रजाती, म्हणजे सिल्व्हरलाइनचा गट (जुन्या पुस्तकांत स्पिंडॅसिस), ओळखायची ती या तारेवरून. नील कुळातलं हे फुलपाखरू पंख पसरून जेमतेम तीन सेंटिमीटर भरतं. मागच्या पंखाला दोन बारीक शेपट्या आणि बुडाशी नारिंगी डाग. बसल्या बसल्या मागचे पंख एकमेकांवर घासतं, तेव्हा शेपट्या डोक्यावरच्या मिशांसारख्या हलतात, पक्ष्याला तेच डोकं वाटतं आणि तो चोच मारतो ती या खोट्या डोक्यावर. रविवारच्या फुलपाखराचा नेमका तोच कोपरा तुटलेला होता. तेव्हा शेपट्या दिसल्या नाहीत म्हणून नाव बाद करू नका, आधी पट्टे पाहा.

माझी गाडी अडली होती ती कॉमन आणि शॉट या दोन सिल्व्हरलाइनमध्ये. मिटलेल्या पंखांची खालची बाजू पाहून मी सरसकट 'कॉमन' लिहीत आलो. आता पंख उघडेपर्यंत थांबतो. शॉटच्या नराला वरून निळी झळाळी असते, धूपछाव रेशमासारखी. कॉमनच्या नराला ती नसते. त्याच्या पुढच्या पंखावर काळपट तपकिरीत नारिंगी पट्टे दिसतात. ज्या फोटोंत वरची बाजू नाही, ते जुने चार फोटो मी नुसते 'सिगारिटिस' म्हणून लावले. यादी आखडली, पण मला ती आता जास्त आवडते.

उठता उठता बोरीची दोन पानं धाग्याने शिवल्यागत जुळलेली दिसली. भोवती क्रेमॅटोगॅस्टर मुंग्या, पोटाचं टोक वर उचलून फिरणाऱ्या. या मुंग्या कॉमनच्या अळीची राखण करतात, बदल्यात तिच्या अंगातून पाझरणारा गोड रस पितात. अळी दिवसा अशा घरात लपते आणि रात्री खायला निघते. पानं उघडली नाहीत. फांदीला लाल दोरा बांधलाय. शनिवारी संध्याकाळी टॉर्च घेऊन जाणार आहे.