कुत्र्याची फिट, गार्डिनल आणि मेडिकलवाले : माझा अनुभव

आमच्या शेरूला फिट्स येतात. निदान, रक्ताच्या तपासण्या सगळं पटापट झालं, अडलं ते गोळ्यांपाशी. अजून आठवलं की डोकं फिरतं.

डॉक्टरांनी फेनोबार्बिटोन लिहून दिलं, आपल्याकडे गार्डिनल म्हणून मिळतं ते. माणसांच्या एपिलेप्सीचीच गोळी. दर बारा तासांनी द्यायची, मधेच बंद केली तर आणखी जोरात फिट येऊ शकते असं बजावून सांगितलं होतं. आणि मेडिकलवाला चिठ्ठी उलटसुलट बघून म्हणतो, "ताई, हे जनावरांच्या डॉक्टरचं आहे, चालणार नाही." पुढचा म्हणे स्टॉक नाही, त्याच्या पुढचा म्हणे माणसांच्या डॉक्टरकडून लिहून आणा. अहो, माणसांचा डॉक्टर कुत्र्यासाठी कसं लिहून देणार? या गोळीचा गैरवापर होतो, कडक असायलाच हवं, पण समोर सही-शिक्क्याची चिठ्ठी आहे ना! मी काउंटरवर उभी आणि मनात एकच, संध्याकाळचा डोस चुकला तर?

शेवटी डॉक्टरांनीच मार्ग काढला. औषधांच्या 1945 च्या नियमावलीत, नियम 65 मध्ये, स्पष्ट आहे की औषध जनावरासाठी असेल तर चिठ्ठीवर मालकाचं नाव आणि पत्ता हवा. आमच्या चिठ्ठीवर नुसतं "शेरू". मग माझं नाव-पत्ता, तारीख, डोस, एकूण गोळ्या किती, डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर असं सगळं घालून नवीन चिठ्ठी केली, आणि ती बघून एका दुकानदाराने निमूटपणे गोळ्या दिल्या. इतकं हायसं वाटलं! आता त्याच्याकडूनच घेते, आणि स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधीच जाते. तुम्हीही तसंच करा.

फिट आली की शेजारचे कांदा नाहीतर चप्पल घेऊन धावत येतात हुंगवायला, त्यांना प्रेमाने थांबवा, त्याने काही होत नाही. तोंडात हात किंवा चमचा अजिबात घालू नका, कुत्रा जीभ गिळत नाही पण चावा मात्र बसतो. आजूबाजूच्या खुर्च्या सरकवा, जिन्याजवळ असेल तर आडवे बसा, घड्याळ बघा, कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा, डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा 24 तासांत दुसरी आली तर थेट दवाखाना गाठा. फिट थांबल्यावर शेरू भिंतींना धडकत फिरतो, मलाही ओळखत नाही, तेव्हा मिठी मारायला जाऊ नका, लांबूनच हळू बोला.

हां, गोळी सुरू झाल्यावर भूक आणि तहान प्रचंड वाढते. शेरू रिकामं पातेलं चाटत स्वयंपाकघरभर ढकलत नेतो. जीव तुटतो, पण जास्तीची पोळी देऊ नका, वजन वाढतं. पाणी मात्र हवं तेवढं द्या. आणि साधारण दोन आठवड्यांनी रक्तातली औषधाची लेव्हल, पुढे दर सहा महिन्यांनी लिव्हरची टेस्ट, ही तारीख गोळ्यांच्या डब्यावरच लिहून ठेवा.