मकोला बाजार आणि २८ फेब्रुवारीचा रस्ता

घानाची राजधानी अक्रा. तिथल्या मकोला बाजारात ग्रुप सांभाळणं हे टूर मॅनेजरच्या कामातलं सगळ्यात कसोटीचं काम. सुक्या माशांचा वास, आल्याचे ढीग, मुठीएवढ्या जिवंत गोगलगायी, मध्येच घुसणाऱ्या ट्रो-ट्रो, म्हणजे तिथल्या वडाप गाड्या. किल्ले बघायला आलेल्या लोकांना इथे का आणता, असं मला नेहमी विचारलं जातं. त्या दिवशीही एका मावशींनी विचारलं. मी त्यांना कापडाच्या गल्लीत नेलं.

तिथे छापील कापड सहा वारांच्या तुकड्यात मिळतं. आमच्या बायकांना हिशेब समजावून सांगावा लागला नाही. त्यांनी पोत चाचपला, कापड उलटं करून रंग मागेपर्यंत उतरलाय का ते पाहिलं आणि घासाघीस सुरू केली. दुकानाची मालकीण साठीची, अंगाने भक्कम. कापड मोजता मोजता तिने आईची गोष्ट सांगितली, ती मी ग्रुपला मराठीत सांगत गेले.

जुना मकोला बाजार १९२४ सालचा. व्यापार जवळजवळ पूर्ण बायकांच्या हातात. १९७९ च्या जूनमध्ये जेरी रॉलिंग्ज या हवाई दलातल्या अधिकाऱ्याच्या लष्करी राजवटीने सत्ता घेतली. देशात भयंकर टंचाई होती आणि साठेबाजीचं खापर बाजारातल्या बायकांवर फुटलं. १८ ऑगस्टला सैनिकांनी सुरुंग आणि बुलडोझर लावून तो बाजार जमीनदोस्त केला. त्या जागेवर पुढे वाहनतळ झाला, रॉलिंग्ज पार्क. मालकिणीच्या आईचं सगळं भांडवल त्या ढिगाऱ्यात गेलं. काही दिवसांनी ती रस्त्याच्या कडेला टोपलीभर माल घेऊन पुन्हा बसली. बाजार आजूबाजूच्या गल्ल्यांत पसरत गेला, तो आज आपण पाहतो. टंचाईची कारणं या बायकांच्या फळ्यांवर नव्हती, हे मी प्रत्येक ग्रुपला ठासून सांगते. मार मात्र त्यांनाच पडला, काहींना तर भर चौकात फटके मारले.

आम्ही गल्लीतून बाहेर पडत होतो. समोरून उत्तर घानातून आलेल्या हमाल मुली येत होत्या, त्यांना तिथे कायायेई म्हणतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भलं मोठं अॅल्युमिनियमचं घमेलं, त्यात माणसाला उचलवणार नाही एवढा माल. शाळेत असायला हव्यात अशा वयाच्या पोरीही त्यांत असतात, आणि ते बघताना पोटात तुटतं. ग्रुपमधले साताऱ्याकडचे एक काका त्यांच्याकडे बघत थांबलेच.

"माझे वडील हे सांगायचे," ते म्हणाले. वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. तिथल्या आराकान भागात आफ्रिकन पलटणीचे लोक पेट्या डोक्यावर घेऊन डोंगर चढायचे आणि मान जराही हलायची नाही, असं ते घरी सांगत. काकांना लहानपणी ते खरं वाटायचं नाही.

ते खरं होतं. ८१ वी पश्चिम आफ्रिकन डिव्हिजन १९४३ मध्ये हिंदुस्थानात आली आणि १९४४ च्या सुरुवातीला कलादान नदीच्या खोऱ्यात उतरली. तिथे गाडीरस्ता नव्हता. रसद विमानातून टाकली जायची आणि ती डोक्यावरून वाहणाऱ्यांच्या स्वतंत्र तुकड्या या डिव्हिजनमध्ये होत्या. तिच्यात गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, बटालियनी होत्या. काकांना हे सांगताना माझाच आवाज चढला होता.

दुपारचा कार्यक्रम बाजूला ठेवून मी ड्रायव्हरला ओसूकडे, म्हणजे अक्रातल्या किल्ल्याच्या भागाकडे, घ्यायला सांगितलं. किल्ल्याजवळच्या त्या रस्त्याचं नावच २८ फेब्रुवारी. १९४८ साली त्या तारखेला युद्धावरून परतलेले सैनिक निःशस्त्र मोर्चा घेऊन इंग्रज गव्हर्नरकडे निघाले होते. मागणी साधी होती: कबूल केलेली पेन्शन द्या, काम द्या. बरेच जण ब्रह्मदेशात लढलेले. चौकात पोलिसांनी अडवलं. इमरे नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्वतः गोळ्या झाडल्या. सार्जंट अॅजेटे, कॉर्पोरल अॅटिपो आणि प्रायव्हेट ओडार्टे लॅम्प्टे जागीच गेले. महागाईविरुद्ध परदेशी दुकानांवर महिनाभर चाललेला बहिष्कार त्याच दिवशी संपला होता आणि गावात गर्दी उसळली होती. गोळीबाराची बातमी पोचताच दुकानं पेटली. पुढे सहा पुढाऱ्यांना अटक झाली, त्यांत स्वतंत्र घानाचे पहिले पंतप्रधान झालेले एन्क्रुमाही होते. ६ मार्च १९५७ ला देश स्वतंत्र झाला.

काका बराच वेळ त्या चौकात माझ्याशी बोलत होते. त्यांच्या वडिलांना पेन्शन शेवटपर्यंत मिळाली, तिच्यावर तीन भावंडांची शिक्षणं झाली. "आणि ह्यांना मागितली म्हणून गोळी," एवढं म्हणून त्यांनी तिन्ही नावं माझ्याकडून पुन्हा सांगून घेतली.

किल्ला आम्ही त्यानंतर पाहिला. सतराव्या शतकात डेन्मार्कवाल्यांनी बांधलेला, १८५० मध्ये इंग्रजांनी विकत घेतलेला, गुलामांच्या व्यापाराचं ठाणं आणि पुढे गव्हर्नरचं घर. मोर्चा कुठे पोचायचा होता हे ठाऊक असल्यामुळे त्या पांढऱ्या भिंती ग्रुपने वेगळ्याच नजरेने पाहिल्या. तुम्ही अक्राला गेलात तर याच क्रमाने फिरा. मकोला सकाळी, ऊन चढायच्या आत. फोटो काढण्याआधी विक्रेतीला विचारा, पुष्कळजणींना ते आवडत नाही. मग ओसूचा चौक. किल्ला शेवटी.